आते काय करस वं?

माणूस गेलं की आमच्या खान्देशात त्याच्या घरी ‘दारवर’ जातात. ओसरीवर अंथरलेल्या सतरंजीवर बसायचं, रडू आलं तर रडायचं, गेलेल्याची एखादी गोष्ट सांगायची आणि उठताना ‘येते’ म्हणायचं नाही. यंदा चैत्रात अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी असलेल्या आमच्या गावी मी माझ्या वर्गमैत्रिणीच्या दारवर गेले. दुपारी बसून संध्याकाळच्या बसनं धुळ्याला परतायचं ठरवलं होतं. तीन दिवस राहिले. येणारी माणसं बघून उठवेना.

पहिल्या दिवशी नंदुरबारच्या मिरची बाजारातला एक म्हातारा हमाल आला. दारात चपला काढून तो विचारत होता, ‘रात्रशाळेच्या बाईंचं घर हेच ना?’ त्याच्यामागून दोघी आल्या, त्या ‘बचतवाल्या ताई’च्या दारवर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सुरतेहून आलेली एक बाई ‘फोनवाली मावशी’ म्हणत हमसून हमसून रडली. तिसऱ्या दिवशी धडगावकडून एक तरुण नर्स आली. तिच्या तोंडी नुसतं ‘बाई’. गावातल्या म्हाताऱ्या माझ्या मैत्रिणीला तिच्या माहेरच्या लाडक्या नावानं हाका मारत रडत होत्या, आणि ती कोण, हे बाहेरून आलेल्यांना कळत नव्हतं. सगळे एकाच माणसासाठी आले होते, पण एकमेकांकडे चुकून भलत्याच घरी आल्यासारखे बघत होते. तिचं खरं नाव त्या तीन दिवसांत मी फक्त मृत्यूच्या दाखल्यावर वाचलं. इथेही ते लिहीत नाही.

आम्ही दोघी १९७५च्या दहावीच्या. त्या वर्षी जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची मुलं आणि आमची नवी दहावी अशा दोन्ही परीक्षा झाल्या. नव्या दहावीची आमची पहिलीच तुकडी, त्यामुळे आम्हाला काय येतं आणि काय येत नाही, हे शिक्षकांनाही नीट ठाऊक नव्हतं. पण तिची पहिली आठवण त्याच्याही आधीची आहे.

१९७२चा दुष्काळ. आम्ही आठवीत. बोरीच्या पात्रात वाळूखेरीज काही नव्हतं. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो मिळायची. तिची भाकरी लाल व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. गावाजवळ रस्त्याचं काम निघालं, अख्खं गाव खडी फोडायला गेलं. शाळा सुटली की आम्ही मुली आयांजवळ जायचो, कारण तिथे सुकडी मिळायची. तिची आई आणि माझी आई शेजारी शेजारी बसून फोडायच्या. एका शनिवारी पगाराच्या वेळी मुकादमानं हजेरीपट उघडला आणि बायांचे अंगठे घ्यायला लागला. ही त्याच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. अचानक म्हणाली, ‘मन्ही मायना सहा दिन शेत, तठे चार लिखेल शेत.’ आमच्या अहिराणी बोलीत याचा अर्थ, माझ्या आईचे सहा दिवस आहेत, तिथे चार लिहिलेत. तेरा वर्षांची पोर. मुकादमानं तिला हाकललं. पुढच्या आठवड्यापासून ती रोज संध्याकाळी कामावर यायची आणि दगडाच्या ढिगाजवळच्या एका सपाट शिळेवर कोळशानं रेघा ओढायची. एकेका बाईसाठी एकेक ओळ, दिवसाला एक रेघ. शनिवारी सगळ्या बाया त्या शिळेपाशी जाऊन उभ्या राहायच्या. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहायच्या, आणि दिवस पूर्ण भरायला लागले.

मी तेव्हा तिच्या शेजारी सुकडी खात बसले होते. हे दृश्य मी पुढे चाळीस वर्षं विसरून गेले, याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

वर्गात मात्र ती गप्प असायची. त्यालाही कारण होतं. पाचवीत एका सरांनी काहीतरी विचारलं, तिनं उभं राहून अहिराणीत उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. वर्ग हसला. सर म्हणाले, ‘शुद्ध बोल, मग बस.’ तिला शुद्ध बोलता येईना. तास संपेपर्यंत ती उभी होती. त्यानंतर तोंडी उत्तर तिनं कधी दिलं नाही. पाटीवर लिहून दाखवायची. मी पुण्याच्या आत्याकडे सुट्टीत राहून आलेली, माझं बोलणं ‘चांगलं’ होतं. त्या बळावर मी डी.एड. झाले, धुळ्याला एका शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागले आणि तेहतीस वर्षांनी त्याच शाळेतून निवृत्त झाले.

तिचं लग्न १९७७ला झालं. सासर नंदुरबार, जे तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार वेगळा जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडलं. नवरा जिनिंगमध्ये कामाला. हंगामात ती मिरचीच्या पथारीवर जायची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते: गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची पसरतात, डोळा पोचेल तिथवर जमीन लाल दिसते, आणि बाया उन्हात बसून देठ खुडतात. हातांची आग रात्रभर जात नाही. पहिल्या आखाजीला ती माहेरी आली तेव्हा ताकात बोटं बुडवून बसली होती. मी विचारलं, ‘आते काय करस वं?’ म्हणजे आता काय करतेस गं? ती म्हणाली, ‘देठ खुडस.’ आणि हसली.

हा प्रश्न मग आमच्यात कायमचाच झाला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा लेकीबाळींचा सण. सासरवाशिणी माहेरी येणार, गौराई मांडणार, लिंबाला झोके बांधणार, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस होणार. दरवर्षी जमेलच असं नाही, पण दोन-तीन वर्षांनी एखाद्या आखाजीला आम्ही दोघी गावात भेटायचोच. मी विचारायचे, ‘आते काय करस वं?’ दर वेळी तिचं उत्तर बदललेलं असायचं. आणि आधीच्या कामाचं काय झालं विचारलं की एकच वाक्य: ‘तठलं काम सरनं.’ तिथलं काम संपलं.

मला ते धरसोडीचं लक्षण वाटायचं.

१९७८च्या २ ऑक्टोबरला देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे ती पथारीवरच्याच बायांना आणि हमालांना रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवायला लागली. दारवर आलेला म्हातारा हमाल तिथला. त्यानं सांगितलं, ‘बाईंनी आम्हाला अ-आ-ई शिकवलंच नाही आधी. आधी वजनाची चिठ्ठी वाचायला शिकवली. किलो, क्विंटल, कट्टा, दर. मग आपलं नाव. मग बाकीचं.’ तिचा वर्ग का बंद पडला, असं मी त्याला विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. ‘बंद कुठं पडला? आम्हाला वाचता यायला लागलं ना.’

१९८७ला तिचा नवरा गेला. मुलगी पाच वर्षांची. त्या दिवसांबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून मीही लिहीत नाही. ती पोस्टाची बचत एजंट झाली. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना, पाच वर्षांचं आवर्ती खातं, महिन्याला दहा रुपयांपासून. गोळा केलेल्या शंभर रुपयांमागे एजंटला चार. दारवर आलेल्या दोघींनी सांगितलं की ती पैसे घ्यायला दुपारी यायची, नवरे कामावर असताना. पुस्तक घरात ठेवायची सोय नसेल तर तीच सांभाळायची. एकीच्या लेकीची अकरावीची फी त्या पुस्तकातून गेली. दुसरीनं त्यातून शिलाई मशीन घेतलं. ‘मुदत भरली त्या दिवशी ताई माझ्यासोबत खिडकीपाशी आल्या,’ ती म्हणाली, ‘पण पैसे मोजायला हात लावला नाही. म्हणाल्या, तू मोज. मी तीनदा मोजले.’

मग एस.टी.डी. बूथ. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकड्यांचं मीटर. हा तिच्या आयुष्यातला भाग मला तिच्या मुलीनं आणि सुरतेहून आलेल्या बाईनं मिळून सांगितला, आणि तो ऐकताना मी पहिल्यांदा नीट सरळ बसले.

सुरत आणि खान्देश यांचं नातं बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. सुरत-भुसावळ रेल्वे नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत आमच्या अंगणातून जाते. ज्याची शेती दोन एकरांत संपली तो त्या गाडीत बसून लूमवर कामाला गेला. उधना, लिंबायत या भागांत अजूनही पानटपरीवर अहिराणी ऐकू येते. नंदुरबारच्या तिच्या बूथवर रात्री दर उतरल्यावर रांग लागायची. बरेच फोन सुरतेला असायचे. चाळीत कुणाकडे फोन नसायचा, म्हणून नंबर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा. ‘पाच मिनिटांनी परत लावतो, अमक्याला बोलवा.’ ती पाच मिनिटं ती मोजायची आणि त्यांचे पैसे घ्यायची नाही.

सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो माणसं शहर सोडून निघाली. खचाखच भरलेल्या गाड्या आमच्या बाजूला येत होत्या. मी तेव्हा धुळ्यात होते. खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि मुलांना अंगणातही सोडत नव्हते. नंदुरबारला तिच्या बूथवर माणसांची गर्दी, आणि सुरतेचा फोन लागेना. लागला तर किराणा दुकान बंद. आई विचारते आहे, पोरगा निघाला का? बायको विचारते आहे, कुठल्या गाडीत बसला? कुणाला काही सांगता येत नव्हतं.

तिनं वही घेतली आणि स्टेशनवर गेली. गाडी आली की फलाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, ‘तुन्हं नाव काय? गाव कोनतं?’ आणि लिहायची. लोक तोंडाला रुमाल बांधून लांबून जात होते आणि ही त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन नावं लिहीत होती. बारा वर्षांच्या मुलीला बूथवर बसवलेलं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ही येऊन वहीतली पानं मोठ्यानं वाचायची. जे पुढे दोंडाईचा, अमळनेरला जाणार होते, त्यांची नावं खिडकीतून विचारून घेतलेली. सुरतेहून आलेली बाई म्हणाली, ‘माझी सासू तीन रात्री त्या बूथच्या पायरीवर बसून होती. चौथ्या दिवशी मावशीनं माझं नाव वाचलं, आणि कडेवरचं बाळ म्हणून एक लिहिलं होतं तेही वाचलं. बाळाचं नाव मी गडबडीत सांगितलंच नव्हतं.’ ते बाळ आता तीस वर्षांचं आहे. आईला गाडीनं घेऊन तोच आला होता, आणि बाहेर उन्हात उभा होता.

मी त्या वर्षीच्या पुढच्या आखाजीला तिला भेटले होते. तिनं यातलं एक अक्षर सांगितलं नाही. मी विचारलं, बूथ कसा चालतो? म्हणाली, बरा चालतो.

बूथवर बसूनच तिनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ला सुरू झालं, त्याचा आमच्या पिढीच्या किती बायांनी असा गुपचूप उपयोग करून घेतला, यावर कुणीतरी लिहायला हवं. मग हातोहाती मोबाइल आले, बूथ ओस पडला. ‘तठलं काम सरनं.’ २००३मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहावर मानधनावर गेली.

तेव्हा मी तिला पत्र लिहिलं. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे, कारण तो लिहिताना मला आपण फार शहाणपणाचं सांगतो आहोत असं वाटत होतं. ‘या वयात सातपुड्यात कशाला जातेस? आजवर चार कामं धरलीस आणि चार सोडलीस. एकात राहिली असतीस तर आज काहीतरी झाली असतीस.’ तिचं उत्तर आलं नाही. पुढच्या भेटीत तिनं माझ्यासाठी मोहाच्या फुलांची पुडी आणली होती.

‘काहीतरी झाली असतीस.’ हे मी लिहिलं. जिच्या आईचेही दिवस त्या शिळेमुळे पूर्ण भरायला लागले, त्या मुलीनं लिहिलं.

धडगावच्या नर्सनं सांगितलेलं तसंच उतरवते. ‘आम्ही पहिलीत गेलो तेव्हा आम्हाला मराठी येत नव्हतं. घरी पावरी बोलायचो. पुस्तकात जे होतं ते दुसऱ्याच देशातलं वाटायचं. रात्री मुली रडायच्या, का रडतात ते सांगता यायचं नाही. बाई आल्या आणि त्यांनी आम्हाला आधी मराठी शिकवलं नाही, स्वतः पावरी शिकल्या. आमच्याकडून. आम्ही त्यांच्या चुका काढायचो. चूक काढली की त्या वहीत लिहायच्या. माझी आई मला भेटायला यायची तेव्हा फाटकाबाहेर बसायची. बाईंनी तिला आमच्या भाषेत हाक मारली, त्या दिवशी ती पहिल्यांदा आत आली.’

मुलांनी चूक काढली की ती वहीत लिहायची. मी तेहतीस वर्षं मुलांच्या वहीत लाल पेनानं लिहीत आले. ‘व्हतं’ला ‘होतं’, ‘माले’ला ‘मला’, ‘कसाले’ला ‘कशाला’. निबंधात एखाद्या पोरानं ‘मन्ही माय’ लिहिलं की मी त्यावर रेघ मारायचे. प्रमाणभाषा शिकवणं माझं कामच होतं, ते मी आजही नाकारणार नाही. बोर्डाच्या परीक्षेला त्यांना तीच लागणार होती. पण त्या शब्दावर रेघ मारताना मी एकदाही समासात लिहिलं नाही की हाही शब्दच आहे बाळा, तो घरी ठेव. तास संपेपर्यंत उभ्या असलेल्या त्या मुलीच्या मी शेजारच्या बाकावर होते. मला माहीत होतं. तरी मी त्या सरांसारखीच झाले, फक्त जरा गोड आवाजात.

शेवटची दहा-बारा वर्षं ती गावी आईच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. उन्हाळ्यात बायांबरोबर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायची आणि उरलेल्या वेळात म्हाताऱ्यांच्या ओसरीवर वही घेऊन बसायची. आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची, दळणाची, लग्नातली. मी एकदा म्हटलं, ही काय नवीन टूम? तेव्हा ती जरा रागावून बोलली, तेवढं एकदाच. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलानं लिहून घेतली म्हणून ती राहिली. सोपानदेव कवी होते म्हणून. ‘जिना पोऱ्या कवी नही, तिनं काय?’

यंदा आखाजीच्या बारा दिवस आधी ती झोपेत गेली. सहासष्टावं वर्ष.

आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. मातीच्या घागरीवर छोटं भांडं, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या. या वर्षी पहिल्यांदा तिच्या नावाची घागर होती, म्हणून मी पुन्हा गावी गेले. घागरीला कुंकू लावून झाल्यावर तिच्या मुलीनं पत्र्याची पेटी ओढून माझ्यापुढे ठेवली. आत अकरा वह्या. उजव्या पानावर गाणं, डाव्या पानावर सांगणारीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, आणि ‘हे कुणाकडून शिकली’. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘माय’ किंवा ‘आजी’. एकाही गाण्यात दुरुस्ती नाही. एकच ओळ दोघींनी वेगवेगळी सांगितली असेल तर दोन्ही लिहिल्या आहेत, एकीखाली एक. पेटीच्या तळाशी १९९४ची वहीही होती. तिच्यात सगळी पानं नावांची, घाईघाईत लिहिलेली, काही पावसाच्या थेंबांनी फुटलेली.

अकराव्या वहीत शेवटचं गाणं अर्धं होतं. डाव्या पानावरचं नाव शेजारच्या आजींचं. नव्वदीच्या असतील. मुलगी म्हणाली, आई गेली त्याच्या आदल्या दुपारी दोघी बसल्या होत्या, आजींना थकवा आला म्हणून उरलेलं उद्या ठरलं होतं.

बाहेर लिंबाला झोका बांधलेला होता, पोरी आळीपाळीनं चढत होत्या. आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. मी वही घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला बराच वेळ न्याहाळलं, मग ओळखलं.

‘मास्तरीन ना वं तू? आते काय करस?’

मला उत्तर देता आलं नाही. मी वही उघडून अर्ध्या गाण्याची शेवटची ओळ त्यांना वाचून दाखवली. वाचताना दोन ठिकाणी अडखळले. आजींनी डोळे मिटले, ओठ हलवून मागची कडवी मनातल्या मनात म्हटली आणि मग पुढची ओळ हळू आवाजात चालीवर म्हणाल्या. पिशवीत हात घातला तर लाल पेन लागलं. ते परत ठेवलं आणि तिच्या मुलीकडून निळं मागून घेतलं. तोवर ओळ पुढे गेली होती. मधला एक शब्द मला कळलाच नव्हता.

‘आखो सांगू का वं?’ आजी म्हणाल्या.

‘सांगा माय,’ मी म्हटलं. ‘हळू सांगा.’